मोडलेल्या पाठी आणि विकाऊ पदव्या

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरू लागले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार तेथे धाव घेतात. त्याच सुमारास पैलतीरावर, करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण या गावांचे शेतकरी गुडघाभर चिखलात उतरून विजेच्या मोटारी, केबल आणि पाइप ओढत पाण्याच्या मागे मागे सरकत असतात. पाणी आठवड्याला जितके मागे हटते तितकी मोटार पुढे न्यावी लागते. ती खांद्यावर न्यावी लागते. या दृश्याचे छायाचित्र कोणी घेत नाही. घेतले असते तर उजनीकाठचे सर्वांत मोठे पण सर्वांत कमी बोलले जाणारे दुखणे त्यात दिसले असते. ते दुखणे म्हणजे पाठीचे, कमरेचे आणि मानेचे.

याच काठावर गेल्या काही वर्षांत एक नवे स्वप्न विक्रीस आले आहे. दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या हातातील मोबाइलवर मणक्यांना झटका देऊन 'कट' असा आवाज काढणाऱ्या आणि रुग्णाला क्षणात हसत उठवणाऱ्या उपचारकांच्या चित्रफिती येतात. त्यापाठोपाठ येतात त्या शिक्षणाच्या जाहिराती. या विद्येचे नाव कायरोप्रॅक्टिक. ती शिका, परदेशी जा, डॉलरमध्ये कमवा. ते न साधले तर चार महिन्यांचे प्रमाणपत्र घ्या आणि पुण्यात दवाखाना थाटा, असा हा उपदेश आहे. धरणात जमीन गेलेल्या आणि उरलेल्या दोन-चार एकरांवर कर्ज काढलेल्या कुटुंबाला तो केला जातो, म्हणून त्याची गंभीरपणे तपासणी करणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम ठरते.

पदवीचे मूल्य ठरते कसे?

कोणत्याही व्यावसायिक शिक्षणाचे मूल्य तीन गोष्टींनी ठरते. त्या शिक्षणाने माणसाला खरोखर काय करता येऊ लागते, ही पहिली. देशाचा कायदा त्याला ते करू देतो का, ही दुसरी. आणि त्या कामाचा मोबदला देणारा कोणी आहे का, ही तिसरी. जाहिरातदार केवळ तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलतात, आणि तेही परक्या देशाचे आकडे दाखवून. कायरोप्रॅक्टिकला या तिन्ही कसोट्या लावून पाहू.

ही विद्या अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डी. डी. पामर या गृहस्थाने सुरू केली. मणक्यांची जागा किंचित ढळल्याने बहुतेक सारे रोग उद्भवतात, हा त्याचा मूळ सिद्धान्त. तो शास्त्राच्या कसोटीला उतरलेला नाही. मात्र कंबरदुखीवर मणक्यांना हाताने दिलेल्या उपचाराचा काही रुग्णांना माफक उपयोग होतो, हेही मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसिक आधार यांच्या बरोबरीने अशा हस्तोपचारांनाही जागा दिली आहे. अर्थात ही जागा अनेक उपायांतील एकाची आहे, जादूची नाही. मानेला जोराचा झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची प्रकरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. थोडक्यात, पहिल्या कसोटीवर ही विद्या सर्वस्वी खोटी ठरत नाही. पण ती चार महिन्यांत शिकण्याची नव्हे, हे निश्चित ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत पूर्ण शिक्षणासाठी ४२०० तासांपेक्षा कमी अपेक्षा धरलेली नाही.

दुसरी कसोटी कायद्याची. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी आहे, व्यवसायोपचार आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, कायरोप्रॅक्टिक नाही. ज्या व्यवसायाची नोंदवही नाही त्याच्या पदवीधराला सरकारी भरतीत अर्ज करता येत नाही. त्याच्या हातून इजा झाली तर रुग्णाने दाद मागावी अशी व्यावसायिक परिषदही नाही.

तिसरी कसोटी मोबदल्याची, आणि खरा बोध येथेच आहे. अमेरिकेत या व्यवसायाला जी प्रतिष्ठा व प्राप्ती आहे ती बाजाराने आपोआप दिलेली नाही. कॅन्सस राज्याने १९१३ साली त्याला परवान्याचा पहिला कायदा दिला; लुइझियानाने १९७४ साली शेवटचा दिला. या साठ वर्षांत शेकडो उपचारक विनापरवाना उपचाराच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. १९७२ च्या कायद्याने वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात या उपचाराचा मर्यादित समावेश झाला, आणि तेव्हापासून सरकारी तिजोरीतून त्याला पैसा मिळू लागला. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने टाकलेल्या बहिष्काराविरुद्ध १९७६ साली दावा दाखल झाला आणि १९८७ साली न्यायालयाने त्या संघटनेला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवले. म्हणजे खासगी उद्योगाचे नंदनवन समजल्या जाणाऱ्या देशातसुद्धा या पदवीला भवितव्य मिळाले ते परवाना, सार्वजनिक पैसा आणि न्यायालय या तीन सामाजिक संस्थांमुळे. जाहिरातदार ते भवितव्य विकतात. ते घडवणाऱ्या संस्था मात्र इकडे आणू शकत नाहीत. आपल्या मुलाला पदवी मिळेल. अमेरिकेतील विमा मिळणार नाही.

मान्यताप्राप्त पदवीचीही तीच गत

यावर कोणी म्हणेल, की मग मान्यता असलेली फिजिओथेरपी शिकावी. सल्ला योग्य आहे, परंतु तो अर्धवट आहे. महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली आणि त्यानंतर दोनच वर्षांत तेथे भौतिकोपचाराचेही शिक्षण सुरू झाले. ही दोन्ही कामे महापालिकेच्या रुग्णालयात झाली, गोरगरीब रुग्णांच्या खाटेशेजारी झाली. विद्यार्थी जेथे शिकत होता तेथेच त्याची गरज होती. शिक्षण आणि सेवा यांचा सांधा त्या वेळी जुळलेला होता.

हा सांधा १९८३ नंतर निखळला. त्या वर्षी राज्य सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडली. उसाच्या बिलातून कपात करून अनेक ठिकाणी शिक्षणसंस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलाकडून प्रवेशासाठी देणग्या घेतल्या जाऊ लागल्या. इतकी ओरड झाली, की १९८७ साली सरकारला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. पुढे १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगी घटनाबाह्य ठरवली. आणि दशकभरातच, २००२ साली, टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना शुल्क ठरवण्याची मोठी मोकळीक दिली. देणगी गेली, शुल्क वाढले. पूर्वी टेबलाखालून जात असे ते आता पावतीवर जाते, एवढाच फरक झाला. आज राज्यात फिजिओथेरपीच्या सरकारी व महापालिकेच्या जागा खासगी जागांच्या तुलनेत अगदी थोड्या आहेत. कंदर किंवा जिंतीच्या मुलीने हे शिक्षण घ्यायचे म्हणजे बहुधा खासगी महाविद्यालयात, पुण्याच्या किंवा सोलापूरच्या वसतिगृहात राहून, आणि पतपेढीचे कर्ज डोक्यावर घेऊनच घ्यायचे.

ती पदवीधर होते तेव्हा काय घडते? तिच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची पदे असतात. भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद या केंद्राच्या मूळ साच्यातच नाही. तेव्हा ती पुण्यात जाते आणि दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडलेल्या नोकरदारांचे स्नायू मोकळे करते. नोकरदारांच्या दुखण्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. तेही वेतनावरच जगतात. परंतु कर्ज फेडले ते कंदरच्या केळीने आणि सेवा मिळाली ती पुण्याला, ही वस्तुस्थिती उरतेच. दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राजवटीत भारतातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला होता. उजनीकाठच्या गावांतून असेच तीनपदरी निःसारण चालू आहे. आधी जमीन गेली, मग तिच्यावर साठलेले पाणी खालच्या भागांना व शहरांना गेले, आणि आता उरलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शिकवलेली मुलेही जात आहेत.

गरज आणि मागणी

'व्यवसायाला मागणी असेल तर दवाखाने आपोआप निघतील,' हा बाजारवाद्यांचा ठरलेला युक्तिवाद आहे. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही गरज आणि मागणी यांतील भेद जाणतो. खिशातील पैशाच्या आधाराने व्यक्त होते ती मागणी. बाकीची सारी केवळ गरज. उजनीकाठी गरज केवढी आहे ते पाहा. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. दरवर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातून आणि अन्य दुष्काळी भागांतून ऊसतोडणी कामगार येथे येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल घेतलेली असते, म्हणून आजारपणाची सुट्टी ही चैन ठरते. पहाटेपासून कमरेत वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. याला केळीच्या घडांची वाहतूक करणारे हमाल, जाळी ओढणारे मच्छीमार आणि मोटारी वाहणारे शेतकरी जोडा. जगात २०२० साली सुमारे ६२ कोटी माणसांना कंबरदुखी होती आणि अपंगत्वाचे ते सर्वांत मोठे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या संख्येत या फळीवरच्या बायकांचाही वाटा आहे. पण त्यांच्यापाशी दहा दिवस उपचाराला येण्याइतका वेळ नाही आणि पैसाही नाही. म्हणून बाजाराच्या दृष्टीने त्यांना पाठच नाही.

जेथे सार्वजनिक सेवा नसते तेथे गरिबाच्या दुखण्याचे काय होते, याचा धडा २०१९ साली मिळाला आहे. बीड जिल्ह्यात शासननियुक्त समितीने ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पोटदुखी आणि पाळीच्या तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला विश्रांती व औषधे परवडत नव्हती. एकदाची शस्त्रक्रिया तेवढी कर्ज काढून परवडत होती. गरिबाचा रोग बाजारात शिरला, की रोगाला नव्हे तर रोग्याच्या कर्ज काढण्याच्या शक्तीला उपचार मिळतो. कंबरदुखीच्या बाबतीत याहून वेगळे घडेल असे मानण्याला आधार नाही.

अंतराचाही विचार केला पाहिजे. जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय आणि १९६३ सालचे वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात आहे. करमाळ्याच्या जलाशयाकाठच्या गावांपासून ते शंभर किलोमीटरहून दूर पडते. पलीकडचा काठ समोर दिसतो, पण रस्त्याने तो फार लांब आहे, म्हणून लोक बोटीने जातात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. साध्या कामाला पैलतीरी जाताना जेथे जिवाची ही किंमत मोजावी लागते, तेथे रोजच्या व्यायामोपचारासाठी शहरात जा असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. अशा वेळी माणूस गावच्या हाडवैद्याकडे जातो. तो निखळलेला सांधा बसवतो, लेप लावतो, आणि पुष्कळदा पैशाची अडचण समजून घेतो. त्याच्या हातून चुकाही होतात आणि हाड वाकडे जुळते. पण शहरात चकचकीत फलक लावून तीच कला विनानोंदणी करणाऱ्याला 'तज्ज्ञ' म्हणायचे आणि गावातल्याला 'भोंदू' म्हणायचे, हा न्याय वर्गीय आहे.

पाच टक्के कशाचे?

उजनीचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १९८० साली धरण पूर्ण झाले. ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय ज्यांच्या गावांवर पसरला, त्यांच्यासाठी राज्याने १९७६, १९८६ आणि १९९९ साली पुनर्वसनाचे कायदे केले. सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण दिले. अनेक घरांत तो दाखला पेटीत जपून ठेवलेला असतो. भावांमध्ये त्याच्यावरून भांडणेही होतात. परंतु पाच टक्के कशाचे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. पदे निर्माणच केली नाहीत, असलेली रिक्त ठेवली आणि उरलेली कंत्राटी केली, तर शून्याचे पाच टक्के शून्यच येतात. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. तरुणांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, तेव्हा पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. संघटित विरोधाने सरकार नमते, हा त्यातील बोध आहे. आणि कंत्राटीकरणाची वृत्ती निर्णयाचा एक कागद फाडून संपत नाही, हाही आहे.

याउलट कागदी मानापमानात सुशिक्षितांची शक्ती कशी खर्ची पडते तेही नुकतेच दिसले. भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावामागे 'डॉ.' लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी रणधुमाळी माजली. ज्या पाठी दुखत होत्या त्यांना या दोन अक्षरांशी काही कर्तव्य नव्हते. तीच धडाडी 'प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आमची कायम पदे भरा' या मागणीमागे उभी राहिली असती, तर पदवीधर आणि रुग्ण या दोघांचेही भले झाले असते.

सरकारपाशी पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तितकेच सरकारने घालावेत, असे ठरलेले आहे. हंगामात कारखान्याच्या तळावर आणि आरोग्य केंद्रात भौतिकोपचारतज्ज्ञ नेमायला हा निधी वापरता येईल. आणि उपचारापूर्वी प्रतिबंध आला पाहिजे. कोणाही कामगाराला इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३४ वे कलम २०२५ पर्यंत सांगत होते. पण ते कारखान्याच्या फाटकाआड लागू होते. ज्या उसावर कारखाना चालतो त्या उसाच्या फडाला नव्हते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली वाहावयाच्या ओझ्याला मर्यादा घालण्याचा करार केला. त्या कराराचे वारे अजून फडापर्यंत आलेले नाही. मोळीचे वजन बांधून देणे आणि ट्रॉली भरण्यास यांत्रिक साधन देणे यांना वैद्यकीय पदवी लागत नाही. राजकीय इच्छा लागते.

कार्यकर्त्यांचे काम

मुलांना शिकू नका, असे सांगणे हा या टीकेचा हेतू नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली तेव्हापासून या भागातील कष्टकऱ्याने शिक्षणावर श्रद्धा ठेवली आहे, आणि त्या श्रद्धेनेच त्याला ताठ उभे केले आहे. त्या श्रद्धेचा व्यापार होऊ देऊ नये, एवढेच म्हणणे आहे. म्हणून काठावरच्या प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या हंगामापूर्वी पालकांची बैठक घ्यावी आणि तीन प्रश्न शिकवावेत. या पदवीची नोंदणी कोणत्या कायद्याखाली, कोणत्या परिषदेकडे होते? सर्व वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि कर्जाचे व्याज मिळून एकूण खर्च किती? आणि याआधी बाहेर पडलेली मुले आज कोठे, किती पगारावर काम करीत आहेत? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे न देणाऱ्या संस्थेला जमिनीचा उतारा गहाण टाकून पैसे देऊ नयेत.

त्याचबरोबर मागण्यांचे निवेदन तयार व्हावे. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयाला जोडून भौतिकोपचाराच्या पुरेशा सरकारी जागा मिळाव्यात, आणि त्यांत धरणग्रस्त व ऊसतोड कुटुंबांच्या मुलांना वाटा असावा. शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, आणि त्याबदली पदवीधराने काही वर्षे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सेवा द्यावी. करमाळा, माढा आणि इंदापूर या तालुक्यांतील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत कायम पदे निर्माण व्हावीत आणि तेथील तज्ज्ञाने ठरलेल्या वारी काठावरच्या आरोग्य केंद्रांत जावे. हाडवैद्यांना प्राथमिक प्रशिक्षण देऊन, कोणता रुग्ण पुढे पाठवायचा हे शिकवावे. आणि हंगाम सुरू होण्याआधी मोळीचे कमाल वजन जाहीर व्हावे.

या मागण्या मान्य झाल्या तर केत्तूरच्या मुलीची पदवी आणि केत्तूरच्या फडातील बाईची कंबर यांची गाठ पडेल. शिक्षणाचे भवितव्य ते याहून वेगळे नसते. ज्यांनी धरणासाठी घरे सोडली त्यांना मुलांच्या शिक्षणासाठी उरलेली जमीन सोडावी लागू नये, यासाठी येत्या पावसाळ्यापूर्वी गावोगाव बैठका झाल्या पाहिजेत.